चित्रांचें स्थलांतर

संगणकांत सांठविलेलीं चित्रें, चित्रफिती आणि गाणीं घरच्या टीव्हीवर कशीं आणावीं, असें कोणी विचारलें तर घरांतला दहा-बारा वर्षांचा मुलगाही त्याचें उत्तर देऊं शकेल, आणि त्यास दोन मिनिटांहून अधिक वेळ लागणार नाहीं. अशा विषयावर नीतिविचाराच्या दृष्टीनें लेख लिहावयास बसणें म्हणजे सुईंत दोरा ओवण्यावर भाष्य करण्यासारखें आहे, असें कित्येकांस वाटेल. तथापि ज्या कृत्यास दोन मिनिटें पुरतात त्याचा परिणामही दोनच मिनिटें टिकतो असा कांहीं नियम नाहीं. जीभ हालण्यास तेवढीही मिनिटें लागत नाहींत. आणि तिच्या हालण्यानें मोडलेलीं घरें आपल्यापैकीं प्रत्येकानें पाहिलीं आहेत.

प्रथम ही क्रिया काय आहे तें पाहूं. सर्वांत परिचित मार्ग पेनड्राइव्हचा. संगणकांतील फाइल त्या बोटभर कांडीवर उतरवावयाची आणि ती कांडी टीव्हीच्या पाठीमागच्या खांचेंत बसवावयाची. ह्यांत अडचणी पुष्कळ. पेनड्राइव्ह जुन्या फॅट-३२ पद्धतीनें आंखलेला असला तर चार गिगाबाइटांहून मोठी फाइल तो पोटांत घेतच नाहीं, आणि लग्नाची चित्रफीत बहुधा त्याहून मोठीच असते. कधीं चित्र दिसतें पण आवाज निघत नाहीं, कारण ज्या सांकेतिक रीतीनें तो आवाज बांधलेला असतो ती त्या टीव्हीस उलगडतां येत नाहीं. दुसरा मार्ग वायफायचा. संगणक व टीव्ही एकाच वायफायवर असले म्हणजे संगणकानें आपलें कोठार उघडावयाचें आणि टीव्हीनें त्यांतून हवें तें उचलावयाचें. सोनी, इंटेल आदि कंपन्यांनीं २००३ सालीं एकत्र येऊन डीएलएनए ह्या नांवानें ह्या देवघेवीचा संकेत ठरविला. ती संस्था २०१७ सालीं विसर्जित झाली, पण संकेत टिकून आहे. तिसरा मार्ग संगणकाचा पडदाच जसाच्या तसा टीव्हीवर उमटविण्याचा.

आतां ह्या मार्गांकडे यांत्रिकाच्या नव्हे, तर गृहस्थाच्या नजरेनें पाहावें. पहिल्या मार्गांत माणूस एकेक फाइल हातानें निवडतो. दुसऱ्यांत तो कोठार उघडतो. आणि विंडोज प्रणालीच्या संगणकावर ही परवानगी एकदां दिली कीं चित्रांचीं, चित्रफितींचीं व संगीताचीं अशीं सबंध दालनें टीव्हीस दिसूं लागतात. तिसऱ्यांत तर त्या क्षणीं संगणकावर जें जें येईल तें तें, मध्येंच उमटणारा एखादा खाजगी निरोपसुद्धां, सर्वांच्या समोर येऊन उभें राहतें. सोय जसजशी वाढत गेली तसतशी निवड घटत गेली. पूर्वीं निवडीचें काम अडचणच करीत असे. पेनड्राइव्हवर जागा थोडी, वेळ लागे पुष्कळ, म्हणून काय न्यावयाचें आणि काय ठेवावयाचें ह्याचा विचार आपोआप होई. ती अडचण यंत्रानें दूर केली. तिच्याबरोबर तो विचारही दूर गेला हें मात्र कोणी लक्षांत घेतलें नाहीं.

ह्या सर्व मार्गांत एक गोष्ट समान आहे. येथून तेथें गेलेली वस्तु येथून नाहींशी होत नाहीं. देण्याघेण्याविषयींचे आपले बहुतेक सर्व नैतिक विचार, वस्तु एका हातांतून दुसऱ्या हातांत गेली कीं पहिला हात रिकामा होतो, ह्या अनुभवावर उभारलेले आहेत. दानाचें पुण्य त्या रिकाम्या हाताचें, आणि चोरीचें पापही त्या रिकाम्या हाताच्या हळहळीमुळें. येथें कोणाचाच हात रिकामा होत नाहीं. मग कोणाचें कांहीं गेलें नसतां विचारावयाचें कोणास आणि कशाला, अशी समजूत सहजच होते. ही समजूत सुशिक्षित घरांत इतकी रुजली आहे कीं ती तपासून पाहणें हाच ह्या लेखाचा मुख्य हेतु आहे.

अशा तपासणीस पुणें जिल्ह्यांतील मुळशी तालुक्याइतकें सोईचें ठिकाण क्वचितच सांपडेल. तालुक्याचें मुख्य ठाणें पौड. पण त्याचीं खरीं दोन टोकें निराळीं आहेत. पुण्याकडील बाजूस हिंजवडी व माण ह्या गांवांच्या शिवारांत राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यान उभें आहे. तेथें हजारों तरुण माणसें दिवसभर हेंच काम करतात: माहिती येथून तेथें हलविणें. दुसऱ्या बाजूस, सह्याद्रीच्या माथ्यालगत, मुळशीचें धरण आहे, आणि त्याच्या कांठीं ज्यांचीं गांवेंच एकेकाळीं हलविलीं गेलीं त्यांचे वंशज राहतात. टाटा कंपनीनें मुळा नदी अडवून तें पाणी घाटाखालीं भिरा येथें सोडावयाचें व मुंबईकरितां वीज उत्पन्न करावयाची असें योजिलें. सरकारनें १८९४ च्या भूसंपादन कायद्याचें बळ कंपनीच्या पाठीशीं उभें केलें. सुमारें पन्नास गांवांवर पाणी येणार होतें. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची प्रतिज्ञा, आणि पां. म. बापट हे ह्याच लढ्यांतून सेनापति झाले. १९२४ पर्यंत झुंज चालली व मोडली. १९२७ सालीं भिऱ्याचें वीजगृह सुरू झालें.

ह्या लढ्याची आठवण येथें कशाला, असें वाचक विचारतील. टीव्हीवर लावलेल्या चित्रफितीची बुडालेल्या गांवाशीं तुलना करणें म्हणजे मोठ्या दुःखास लहान करणें होय, आणि तें आम्हांस करावयाचें नाहीं. मावळ्यांचें सर्वस्व गेलें. येथें कांहींच जात नाहीं. परंतु हें उदाहरण नेमकें त्यामुळेंच उपयोगी पडतें. जमिनीचा मोबदला दिला म्हणजे नुकसान भरून निघालें, असें ज्यांचें म्हणणें होतें त्यांनीं सगळा प्रश्न हिशेबाच्या वहींत बसविला होता. पण भाताच्या खाचरास योग्य भाव मिळाला असता, अगदीं दुप्पट मिळाला असता, तरी एक प्रश्न वहीबाहेर उरलाच असता: आम्हांस विचारलें कोणी? नुकसान शून्यावर आणलें तरी हा प्रश्न शून्यावर येत नाहीं. आणि फाइलींच्या बाबतींत नुकसान खरोखरच शून्य असल्यामुळें, तो प्रश्न तेथें एकटाच, निर्भेळ स्वरूपांत, पाहावयास मिळतो.

ह्याच तालुक्यांतील एक घर कल्पावें. मुलगा हिंजवडीस नोकरीस. आई, वडील आणि आजी धरणाकडच्या गांवीं. आजोबा दोन वर्षांपूर्वीं वारले. मुलानें दिवाळीस मोठा स्मार्ट टीव्ही आणला, तो भिंतीवर बसविला, आणि आपल्या लॅपटॉपचें कोठार त्यास उघडून दिलें. हेतु इतकाच कीं नातवाच्या वाढदिवसाची चित्रफीत घरच्या माणसांस मोठ्या पडद्यावर पाहतां यावी. टीव्ही पाहावयास शेजारच्या काकू आल्या, त्यांच्या सुना आल्या, ग्रामपंचायतींतले एक गृहस्थ सहज डोकावले ते बसले. वाढदिवस संपला. टीव्हीनें आपल्या रीतीनें पुढची फाइल आपणच लावली. ती आजोबांच्या शेवटच्या दुखण्यांतली होती. अर्धांगाचा झटका आल्यावर त्यांचा हात कितपत उचलतो हें डॉक्टरांस दाखविण्याकरितां मुलानें रुग्णालयांत काढलेली. ज्या माणसानें आयुष्यांत डोक्यास पागोटें असल्यावांचून ओटीवर पाऊल टाकलें नाहीं, तो उघड्या अंगानें, ओठाच्या कडेनें लाळ ओघळत असतांना, पांच फूट रुंदीच्या प्रकाशांत गांवापुढें आला. मुलानें घाईघाईनें तें बंद केलें. पंधरा सेकंदही झालीं नसतील.

कोणाचें काय गेलें? फाइल लॅपटॉपवर होती तशी आहे. आजोबा तर ह्या सर्वांच्या पलीकडे गेलेले. पाहणाऱ्यांनीं सहानुभूतीच दाखविली. तरीही त्या खोलींत कांहीं तरी घडलें हें तेथें बसलेल्या प्रत्येकास कळलें, आणि सर्वांत आधीं आजीस कळलें, कारण ती उठून आंत गेली.

जें घडलें तें असें. फाइल बदलली नाहीं, पाहणारा बदलला. ती चित्रफीत काढली तेव्हां तिचा पाहणारा ठरलेला होता: एक डॉक्टर. त्या एका नजरेच्या विश्वासावर आजोबांनीं, किंवा त्यांच्या वतीनें घरच्यांनीं, तें उघडेंपण पत्करलें होतें. प्रत्येक चित्रांत असा एक न दिसणारा करार असतो, कीं मी हें अमक्याकरितां दाखवीत आहें. स्थलांतर करतांना यंत्र चित्राचा कण न् कण नेतें, फक्त हा करार मागें राहतो. कारण तो फाइलींत लिहिलेला नसतो, माणसांच्या मनांत असतो.

जुन्या मराठी घराच्या रचनेंत हा करार भिंतींनींच पाळला जात असे. ओटीवर परका येई, माजघरांत सोयरा, स्वयंपाकघरांत आपला, आणि देवघरापर्यंत कोण जाणार हें तर ठरलेलेंच. ह्या रचनेंत अन्यायही पुष्कळ होता, तिच्या आठवणीनें गहिवरणें आम्हांस मान्य नाहीं. बायकांस माजघरांत कोंडण्याचें कामही त्याच भिंतींनीं केलें. पण कोणती गोष्ट कोणाच्या दृष्टीस पडावी ह्याच्या पायऱ्या घरांत असाव्यात, एवढा विचार तींत होता. आज संगणक ही एका माणसाची पेटी आहे. तो एकटाच तिच्यापुढें बसतो, ती मांडीवर उघडतो, आणि कोणी मागून आलें तर नकळत तिचें झांकण अर्धवट मिटतो. टीव्ही मात्र आपल्याकडे प्रथमपासूनच ओटी होऊन आला. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबईचें दूरदर्शन केंद्र सुरू झालें, पुढच्या वर्षीं त्याचे कार्यक्रम पुण्यांत दिसूं लागले. त्या काळीं ज्याच्या घरीं टीव्ही त्याच्या घरीं शेजारीपाजारी दाराशीं चपला काढून बसावयाचे, आणि रामायण लागे त्या रविवारीं सकाळीं कोणास नाहीं म्हणण्याची कोणा यजमानाची छाती नव्हती. ती संवय आजही गेलेली नाहीं. टीव्ही चालू असला म्हणजे घर उघडें आहे असें शेजारी समजतो, आणि त्याचें समजणें बरोबरच असतें. तेव्हां संगणकांतून टीव्हीवर फाइल नेणें म्हणजे एका यंत्रांतून दुसऱ्या यंत्रांत नेणें नव्हे; पेटींतली वस्तु ओटीवर मांडणें होय.

तर मग सर्व कांहीं पेटींतच राहूं द्यावें काय? असा निष्कर्ष कोणी काढील तर तो आम्हांस सर्वस्वी अमान्य आहे. उलट आमच्या मतें आजच्या सुशिक्षित घरांत उघडें करण्याच्या दोषापेक्षां कोंडून ठेवण्याचा दोषच अधिक पसरलेला आहे, आणि तो सभ्य दिसत असल्यामुळें त्याची कोणी निंदाही करीत नाहीं. मुलाच्या संगणकांत घरच्या माणसांचीं दहा-पंधरा हजार चित्रें असतात. त्यांत आईचें साठावें वर्ष असतें, बहिणीचें माप ओलांडणें असतें, पंढरीच्या वाटेवर वडिलांबरोबर घेतलेला चहा असतो. हें सर्व ज्यांचें, त्यांनीं तें पाहिलेलें नसतें. आईस लॅपटॉप उघडतां येत नाहीं. आणि मुलास वेळ नसतो. ज्याच्या हातांत यंत्र त्याच्याच हातांत घराची स्मृति, असा हा नवा वतनदार तयार झाला आहे. त्याची नियत वाईट नसते. पण 'एकदां सगळें नीट लावून देतों' असें म्हणतां म्हणतां आई जाते, आणि मग तींच चित्रें तेराव्याच्या दिवशीं फुलांच्या हारामागें टीव्हीवर फिरत राहतात.

शिवाय कोंडलेली वस्तु सुरक्षित असते हाही भ्रमच. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ सालीं झाली. भारतीय चित्रपटांचा जो वारसा हातीं लागेल तो गोळा करण्यांत पी. के. नायर ह्यांनीं आयुष्य वेंचलें. तरी जानेवारी २००३ मध्यें तेथील जुन्या नायट्रेट फितींस आग लागली आणि मूळ प्रती जळून गेल्या. ज्यांची नक्कल वेळेवर दुसरीकडे झाली होती तेवढ्यांचेंच चित्र उरलें. घरच्या हार्ड डिस्कचें आयुष्य तर नायट्रेटच्या फितीहूनही थोडें. तेव्हां हलविणें, नक्कल करणें, दुसऱ्याच्या डोळ्यांपुढें आणणें, ह्यांत मुळांतच कांहीं अशुचि आहे असें मानण्याचें कारण नाहीं. प्रश्न आहे तो रीतीचा.

ही रीत कशी असावी ह्याचें एक मोठें उदाहरण मुळशीच्याच डोंगरांत घडलेलें आहे, आणि तें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक नसावें असें वाटतें. जात्यावरची ओवी ही बायकांची मिरास. पहाटे घर झोपेंत असतांना, एकटीनें किंवा जावेच्या जोडीनें दळतांना ती म्हणावयाची. माहेरची ओढ, सासरचा जाच, भावाची वाट, लेकीच्या जन्मानें उतरलेले घरच्यांचे चेहरे, हें सर्व तींत यावयाचें. जात्याची घरघर हाच तिचा आडपडदा. आणि तरीही ओवी म्हणजे मुकें रडणें नव्हे. तींत बहुतेक कोणा तरी 'बाई'ला सांगितलेलें असतें. सांगणारीनें आपली ऐकणारी निवडलेली असते. खाजगीपणाचा खरा अर्थ येथें समजतो. कोणासच न सांगणें म्हणजे खाजगीपणा नव्हे. कोणास सांगावयाचें तें आपण ठरविणें म्हणजे खाजगीपणा.

गी पॉइटवाँ हे फ्रान्समधून येऊन पुण्यास स्थायिक झालेले विद्वान आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर ह्यांनीं मुळशीकडच्या डोंगरी गांवांतून काम करतां करतां ह्या ओव्यांकडे लक्ष दिलें. ऐंशीच्या दशकांत लागलेलें हें काम वाढत वाढत महाराष्ट्रांतील शेंकडों गांवांत पोंचलें, आणि जमलेल्या ओव्यांची संख्या लाखावर गेली. नव्वदीच्या दशकांत बर्नार्ड बेल ह्या संगीताभ्यासकानें गाणाऱ्या बायकांचे आवाज मुद्रित केले. पॉइटवाँ २००४ सालीं आणि राईरकर २०१० सालीं निवर्तल्या­नंतर हा संग्रह पी. साईनाथ ह्यांनीं स्थापिलेल्या 'पारी' ह्या ग्रामीण भारताच्या दप्तरखान्याकडे आला, व २०१७ पासून तेथें तो प्रसिद्ध होत आहे. पहाटेच्या अंधारांतून फितीवर, फितीवरून संगणकांत, आणि संगणकांतून आज वाटेल त्या घरच्या टीव्हीवर: ओवीनें केलेलें हें स्थलांतर आमच्या पेनड्राइव्हच्या प्रवासाहून किती तरी लांबचें आहे. पिठाच्या गिरण्या गांवोगांव झाल्या, जातीं उंबऱ्याबाहेर भिंतीशीं टेकलीं, आणि ती पहाटच नाहींशी झाली. हें स्थलांतर घडलें नसतें तर ओव्याही म्हणणाऱ्या बायकांबरोबरच सरणावर गेल्या असत्या.

तें आपणांस आक्षेपार्ह वाटत नाहीं ह्याचें कारण काय? पहिलें हें कीं गोळा करणारे त्या बायकांच्या समोर बसले होते. गाणारीस ठाऊक होतें कीं आज माझी 'बाई' केवळ जाऊ नाहीं, हा कागद आणि हें यंत्रही आहे. तिनें आपली ऐकणारी स्वतः वाढवून घेतली. दुसरें कारण आम्हांस त्याहून महत्त्वाचें वाटतें. त्या संग्रहांत ओवीबरोबर म्हणणारीचें नांव आणि गांव नोंदलेलें आहे. लोकगीत म्हटलें कीं तें कोणाचेंच नव्हे, असें समजण्याची जी विद्वानांची जुनी खोड, ती येथें मोडली गेली. पुढें 'पारी'ची माणसें मुळशीच्या गांवांत पुन्हां गेलीं तीं ह्या नांवांच्या आधारेंच. वीस वर्षांनंतर त्या दारीं जाऊन, हा आवाज तुमचा का, असें विचारतां आलें, कारण आवाजाबरोबर दाराचा पत्ताही हलविला होता.

एक अवघड शंका मात्र राहते. ओवींत ज्या सासूची गाऱ्हाणीं आहेत तिला कोणी विचारलें? खरें पाहतां कोणीं नाहीं. आणि विचारावयास नको होतें असें आम्ही निःशंकपणें म्हणतों. जिनें सोसलें तिला सोसल्याचें सांगण्याचा अधिकार आहे, आणि जिनें सोसावयास लावलें तिला तें झांकून ठेवण्याचा हक्क पोंचत नाहीं. परवानगी हें तत्त्व दुर्बळाच्या रक्षणासाठीं आहे. सबळानें त्याची ढाल करूं लागल्यास तें तत्त्व तेथेंच सोडावें.

कायद्याकडून ह्या बाबतींत फारशी अपेक्षा नाहीं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला, ही गोष्ट मोठीच झाली. पण वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठीं २०२३ सालीं संमत झालेला कायदा, माणसानें स्वतःच्या किंवा घरगुती कामाकरितां केलेल्या वापरास लागू होत नाहीं, असें त्यांतच म्हटलें आहे. तें योग्यही आहे; नातवाच्या चित्रफितीकरितां आजीनें अर्ज भरावा असें कोणास वाटेल? कायदा उंबऱ्याशीं थांबतो. त्याच्या आंत जें आहे तें घरच्यांच्या विवेकावर सोंपविलेलें आहे, आणि कायदा नाहीं म्हणून तेथें कर्तव्यही नाहीं असें समजणारांस काय म्हणावें! कंपनीच्या टीव्हीचा विवेक तर धरूंच नये. अमेरिकेंत व्हिझिओ कंपनीचे टीव्ही घरांत काय पाहिलें जातें ह्याची क्षणाक्षणाची नोंद मालकास न कळवितां घेत होते, असा आरोप तेथील सरकारी व्यापार आयोगानें ठेवला, आणि २०१७ सालीं तें प्रकरण मिटविण्याकरितां कंपनीस बावीस लक्ष डॉलर द्यावे लागले. असे टीव्ही एक कोटीहून अधिक होते. म्हणजे ओटीवर आपण मांडलें तें पाहणारांत कधीं कधीं भिंतही असते. टीव्हीच्या व्यवस्थेंत शिरून हें पाहणें बंद करण्याची सोय बहुधा असते. घरांत टीव्ही बसविणारानें तें काम त्याच दिवशीं करावें.

राहतां राहिला नांवाचा विषय. संगणकांतील घरगुती चित्रांस नांवें नसतात, लांबलचक आंकडे असतात; ते यंत्रानें दिलेले. नक्कल करतांना फाइलीची जन्मतारीखही पुष्कळदां बदलून नक्कल केल्याची तारीख तेथें बसते, आणि मग टीव्हीच्या यादींत १९९८ सालचें लग्न गेल्या मंगळवारीं झालेलें दिसतें. दोन पिढ्यांनंतर ह्या आंकड्यांपुढें बसलेल्या मुलास हा फेटेवाला कोण, ही डोक्यावर पदर घेऊन हंसणारी बाई कोण, हें कोण सांगणार? ओवी म्हणणाऱ्या अपरिचित बायकांकरितां परक्या माणसांनीं जेवढें केलें, तेवढें आपण आपल्या आजीकरितां करीत नाहीं. फाइलीस माणसाचें नांव, गांव आणि साल देण्यास पेनड्राइव्ह भरण्याहून अधिक वेळ लागतो, ही तक्रार आम्ही ऐकली आहे. लागतोच. आणि त्या वेळांतच, हें कोणाकरितां काढलें होतें, ह्याची आठवण होते. यंत्रानें काढून घेतलेली ती जुनी अडचण आपण होऊन परत मागून घेण्याचा हा एक मार्ग आहे.

आमच्या कल्पनेंतील घरापुरतें बोलावयाचें तर त्या मुलानें टीव्हीकरितां एक निराळें फोल्डर करावें, आणि सबंध कोठार न उघडतां तेवढेंच उघडावें. त्यांत आजोबांचें काय जावें हें त्यानें आजीस विचारावें. मेलेल्या माणसास विचारतां येत नाहीं, पण त्याच्या लाजेची किल्ली बहुधा कोणा एकाजवळ राहिलेली असते. आजी काय सांगेल ह्याचा अंदाज मुलानें करूं नये. तो समजेल कीं तिला पागोट्यांतलें, खुर्चीवर ताठ बसलेलें, नातवाच्या बारशाचें चित्र हवें असेल. कदाचित् ती म्हणेल कीं तें नको, त्यांत ते फोटोवाल्याच्या धाकानें बसले आहेत. भातलावणीची चित्रफीत आहे ती लाव. पावसांत, डोक्यावर इरलें घेऊन, गुडघाभर चिखलांत उभे राहून ते कोणावर तरी ओरडताहेत ती. आणि दवाखान्यांतली पुसूं नको, तुझ्याजवळ असूं दे, असेंही ती म्हणेल. किंवा पुसून टाक म्हणेल.